पुरून उरणारे अन्न

बायबलमध्ये सोन्यारुप्याचा उल्लेख येत नाही असे नाही. शलमोन राजाच्या वर्णनात तो भरपूर येतो. तरीही एखाद्या देशाचे, घराचे किंवा येणाऱ्या चांगल्या दिवसांचे भरलेपण सांगायचे असते तेव्हा त्या ग्रंथातील माणसे तिजोरीकडे पाहत नाहीत, ती खळ्याकडे, गोठ्याकडे आणि चुलीकडे पाहतात, आणि मग दूध, मध, गव्हाची रास, तेलाचा बुधला, द्राक्षांचा घोस, डाळिंब आणि भाकर हीच समृद्धीची भाषा होते. बायबल म्हणजे एका हाताने लिहिलेले पुस्तक नव्हे. यहुद्यांचे मुख्यतः इब्री भाषेतील धर्मग्रंथ, ज्यांना ख्रिस्ती परंपरा 'जुना करार' म्हणते, आणि ग्रीक भाषेत लिहिला गेलेला 'नवा करार', असे ते दोन भाग आहेत आणि त्यांची घडण अनेक शतके चालली. या दीर्घ काळात राज्ये बदलली, पण बायबलमधील माणसांचे अन्न फारसे बदलले नाही, आणि त्यामुळे अन्नाच्या प्रतिमांतून वाहणारा अर्थही आरंभापासून शेवटपर्यंत ओळखीचा राहिला.

या प्रतिमा समजून घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील देवळा परिसरासारखी जागा फार उपयोगी पडते. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार नावांच्या आद्याक्षरांवरून ज्याला 'कसमादे' म्हणतात, तो हा गिरणा नदीच्या अंगाखांद्यावरचा पट्टा. सह्याद्रीच्या पूर्वेला पडल्यामुळे येथे पाऊस बेताचा, जमीन कुठे काळी तर कुठे निव्वळ मुरमाड, आणि पीक घेणारे हात मात्र चिवट. 'अनुवाद' या जुन्या करारातील पाचव्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोकांना मिळणाऱ्या देशाचे वर्णन करताना सात जिन्नस सांगितले आहेत: गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, तेलासाठी लावलेले जैतून आणि मध. यांतील जैतून सोडले तर बाकीची नावे कसमादेच्या शेतकऱ्याला ऐकीव नाहीत, आणि द्राक्ष व डाळिंब ही तर त्याच्या घरच्या हिशेबातली पिके आहेत. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने पाठवलेल्या हेरांनी त्या देशातून, म्हणजे कनानमधून, द्राक्षांचा एक घोस दांड्याला बांधून दोघांच्या खांद्यावरून आणला आणि त्याबरोबर डाळिंबे व अंजीरही आणले, ही 'गणना' ग्रंथातील कथा या भागात वाचली जाते तेव्हा त्यातली फळे समजावून सांगावी लागत नाहीत. समजावून सांगावा लागतो तो त्या फळांमागचा पाऊस.

'अनुवाद' ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात दोन देशांची तुलना आहे. मिसर देशात, म्हणजे नाईल नदीच्या काठी, बी पेरून भाजीच्या मळ्याला द्यावे तसे पायाने पाणी द्यावे लागे. जो देश आता मिळणार आहे तो मात्र डोंगरांचा आणि खोऱ्यांचा असून आकाशातील पावसाचे पाणी पितो, असे तेथे म्हटले आहे. 'पायाने पाणी देणे' याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांत चर्चा झाली आहे, आणि पायाने चालवायच्या एखाद्या साधनाची कल्पनाही काहींनी मांडली आहे. पण पाटाचे पाणी दारे धरून वाफ्यात घेताना एका वाफ्याची माती पायाने सारून तोंड उघडणारा आणि तीच माती पायाने दाबून दुसऱ्याचे तोंड बंद करणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हा शब्दप्रयोग कोड्यासारखा वाटणार नाही. नाशिक-धुळे भागातील मोसम, पांझरा यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून, पाट काढून, गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची जी जुनी 'फड' पद्धत आहे, तिच्यात हे पाण्याचे शहाणपण मुरलेले आहे.

नवल असे की या तुलनेत कमीपणा मिसरकडे जातो. नाईलचे पाणी बहुतेक वर्षी ठरल्यासारखे येत असे, आणि कनानमध्ये दुष्काळ पडला की मूळपुरुष अब्राहामाने आणि पुढे त्याचा नातू याकोब याच्या मुलांनी मिसरचीच वाट धरली. म्हणजे हिशेबाने पाहिले तर भरवशाचा देश तोच होता. तरीही बायबलला समृद्ध वाटतो तो पावसाचा देश, कारण तेथील पीक दरवर्षी नव्याने मिळते, गृहीत धरता येत नाही, आणि त्याच अध्यायात पुढे आकाश बंद होण्याचा इशाराही दिलेला आहे. ज्याला उद्याची खात्री आहे त्याच्या तोंडी समृद्धीच्या प्रतिमा फारशा फुलत नाहीत. आभाळाकडे डोळे लावणाऱ्याच्या तोंडी त्या फुलतात. जुन्या करारातील दूध, मध आणि धान्य यांची वर्णने सुखवस्तू माणसाची वर्णने म्हणून वाचली तर त्यांतील अर्धा अर्थ हरवतो.

पावसासंबंधीचे दोन इब्री शब्द येथे ध्यानात घेतले पाहिजेत. 'योरे' म्हणजे पेरणीच्या आधी किंवा पेरणीबरोबर येणारा पहिला पाऊस आणि 'मल्कोश' म्हणजे पीक पोटरीवर असताना येणारा शेवटचा पाऊस. मराठी अनुवादकांनी यांच्यासाठी 'आगोटीचा पाऊस' आणि 'वळवाचा पाऊस' असे खास शेतकरी शब्द घेतले, आणि ते कानाला इतके आपले वाटतात की त्यामागे दडलेला ऋतूंचा उलटा क्रम लक्षातच येत नाही. जेरुसलेमच्या परिसरात वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा हिवाळ्यात पडतो. 'योरे' ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 'मल्कोश' मार्च-एप्रिलात, आणि उन्हाळा पूर्ण कोरडा. महाराष्ट्रात वळीव आधी येतो, आगोट मागाहून. त्याहून मोठा फरक पुढेच आहे. मार्च-एप्रिलातील जो पाऊस यहूदी शेतकऱ्याच्या जवाचे दाणे भरवतो, तोच पाऊस देवळ्याच्या शिवारात आला तर काढून ठेवलेल्या उन्हाळ कांद्यावर पडतो. शेतात कांदा उपटून, त्याची पात त्याच्यावरच पांघरून तो सुकवायला ठेवलेला असताना तासाभराची अवकाळी सर आणि गारा आल्या, तर तो कांदा पुढे चाळीत टिकत नाही. म्हणून संदेष्टा योएल जेव्हा आशीर्वाद म्हणून दोन्ही पावसांचे वचन सांगतो, तेव्हा वाचकाने 'वेळेवर' हा शब्द मनात धरून ते वाचले पाहिजे. बायबलमधील भरपूर पाऊस हा पुष्कळ पाऊस नसतो, तो आपल्या वेळी आलेला पाऊस असतो. 'लेवीय' ग्रंथाच्या 26 व्या अध्यायात समृद्धीचे माप असेच वेळेने घेतले आहे: मळणी द्राक्षांच्या हंगामापर्यंत चालेल आणि द्राक्षांचा हंगाम पेरणीपर्यंत पुरेल. आमोस संदेष्टा, जो मेंढपाळ होता आणि उंबराच्या जातीतील रानअंजिराच्या झाडांची निगा राखत असे, तो याहून एक पाऊल पुढे जातो आणि नांगरणारा कापणाऱ्याला गाठील असे सांगतो. पोती किती भरली हे येथे कोणी मोजत नाही. एका कामाला दुसरे काम जोडून आले आणि हाताला मोकळीक मिळाली नाही, हीच तेथे सुबत्ता आहे.

डाळिंबाचे उदाहरण तर या परिसरासाठी मुद्दाम ठेवल्यासारखे आहे. इब्री भाषेत त्याला 'रिम्मोन' म्हणतात. मुख्य याजकाच्या, म्हणजे मंदिरातील प्रमुख पुरोहिताच्या झग्याच्या घेरावर सोन्याची घुंगरे आणि रंगीत सुताची डाळिंबे एकाआड एक लावावीत असे 'निर्गम' ग्रंथात सांगितले आहे, आणि शलमोनाच्या मंदिरातील दोन खांबांच्या कळसांवरील जाळीकामात चारशे डाळिंबे होती असे 'राजे' ग्रंथ सांगतो. एका सालीत शेकडो दाणे सामावणारे हे फळ भरलेपणाचे चिन्ह व्हावे हे साहजिक आहे. यहूदी परंपरेत तर डाळिंबात 613 दाणे असतात, म्हणजे धर्मशास्त्रातील आज्ञांइतके, अशी समजूत आहे. पण कसमादेच्या बागायतदाराला डाळिंबाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असते, जी या चिन्हाला खोली देते. मृग, हस्त किंवा आंबे यांपैकी जो बहार धरायचा असेल, त्याच्या आधी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडले जाते, पाने पिवळी पडून गळतात, बाग उघडीबोडकी दिसू लागते, आणि मग छाटणी करून पहिले पाणी दिले की काही आठवड्यांत त्याच काडीवर लालभडक कळी फुटते. ताण न दिलेले झाड हिरवेगार राहते, पण बहार एकसारखा फुटत नाही.

हेच झाड दगा देते तेव्हा काय होते, हेही या भागाने पाहिले आहे. 'तेल्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूजन्य करपा रोगाने फळांवर तेलकट डाग पडून ती तडकू लागली, तेव्हा कसमादेत उभ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. योएल ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात टोळधाडीनंतरच्या उजाड देशाचे वर्णन आहे. त्यात द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, खजूर अशी झाडे एकामागून एक वाळत जातात आणि त्यांच्या ओळीतच, त्याच क्रियापदाने, माणसांचा आनंदही वाळला असे म्हटले आहे. इब्रीत 'वाळणे' आणि 'लज्जित होणे' या क्रियापदांचे उच्चार फार जवळचे आहेत आणि लेखकाने ती जवळीक मुद्दाम साधली आहे, असे भाषेचे अभ्यासक दाखवतात. बाग गेलेल्या माणसाला गावात तोंड दाखवणे जड जाते, हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला हा श्लेष समजण्यासाठी इब्री शिकावी लागत नाही.

बायबलमधील सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा दूध आणि मध यांची आहे, आणि तिचाच अर्थ सर्वांत जास्त गृहीत धरला जातो. जेथे दुधामधाचे प्रवाह वाहतात असा देश, हा शब्दप्रयोग जुन्या करारात सुमारे वीस वेळा येतो. मराठीत दुधातुपाच्या नद्या वाहण्याचा जो वाक्प्रचार आहे त्याच्याशी तो लगेच जुळतो, पण दोघांमागची जीवनपद्धती वेगळी आहे. 'हालाव' म्हणजे दूध. त्या डोंगराळ देशात ते मुख्यतः शेळ्यामेंढ्यांचे असे. 'देवाश' या शब्दाचा अर्थ मध असा होतो, पण खजुरासारख्या गोड फळांचा आटवलेला रस, म्हणजे एक प्रकारची काकवी, हाही त्याच शब्दाचा अर्थ आहे; सात जिन्नसांच्या यादीतील मध हा बहुधा खजुराचाच, असे अनेक अभ्यासक मानतात. मधमाश्यांचा मध तेथे नव्हताच असे मात्र नाही. शमशोन या बलाढ्य वीराला सिंहाच्या सांगाड्यात सापडला तो मध माश्यांचाच होता, आणि इस्राएलमधील तेल रेहोव येथे 2007 मध्ये आमिहाय मझार यांच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, गवत आणि कच्च्या मातीची नळकांडी रचून केलेली मधुमक्षिकागृहे मिळाली.

दूध आणि मध या दोन्ही गोष्टींसाठी नांगर लागत नाही, ही त्यांच्यातील खरी सारखी बाजू आहे. गवत असेल तर दूध असते आणि फुले असतील तर मध असतो. दोन्हींचे मूळ माळरानात आणि पावसात आहे. पीक निघाल्यावर रिकाम्या रानात मेंढ्या बसवण्यासाठी येणारे मेंढपाळ कसमादेत आजही दिसतात, आणि त्यांच्या नजरेने पाहिले तर 'चांगला देश' म्हणजे मोकळे, हिरवे रान. यशया ग्रंथाच्या सातव्या अध्यायात तर हीच प्रतिमा उलटी फिरते: शेते ओस पडून द्राक्षमळ्यांच्या जागी काटेकुटे माजतील, आणि उरलेली माणसे दही व मध खाऊन राहतील. अन्न तेच, पण येथे ते पिकाऊ जमीन रानाला परत गेल्याची खूण आहे. आणखी एक जागा याहून बोचरी आहे. 'गणना' ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात मोशेविरुद्ध उठलेले लोक दुधामधाचा देश हे शब्द मिसरला लावतात, ज्या देशात त्यांचे आईबाप विटा थापत गुलाम होते. भूक लागली की माणसाच्या आठवणीतील गुलामगिरीसुद्धा गोड होते, हे बायबलच्या लेखकांनी लपवलेले नाही.

कांद्याचा संबंध येथेच येतो. देवळा आणि उमराणे यांच्या बाजारात ज्या पिकावर घरांची वर्षे ठरतात, त्या कांद्याचे नाव बायबलमध्ये एकदाच येते, आणि ते समृद्धीच्या वचनात नसून तक्रारीत येते. मिसरमधून निघून रानात भटकणारे इस्राएल लोक रडतात आणि मिसरमध्ये फुकट मिळणारे मासे, काकड्या, कलिंगडे, कांद्यासारखी पातभाजी, कांदे आणि लसूण आठवतात. यादी मोठी चवदार आहे आणि ती लिहिणाऱ्याला त्या माणसांच्या जिभेबद्दल कळवळा असावा असे वाटते. पुढे त्यांना मांस हवे म्हणून लावे पक्षी येतात, छावणीभोवती दोन हात उंच थर साचतो, लोक दिवसरात्र गोळा करतात, ज्याने सर्वांत कमी गोळा केले त्याच्याकडेही दहा होमर, म्हणजे दोन हजार लिटरांच्या आसपास भरतील इतके पक्षी जमतात. आणि मांस दातांत असतानाच रोग पसरतो. त्या जागेला 'वासनेच्या कबरी' असे नाव पडते. बायबलमध्ये अन्नाचा एवढा मोठा ढीग दुसरीकडे क्वचितच आढळतो, आणि तो ढीग आशीर्वाद नाही.

या ढिगासमोर ठेवायची गोष्ट म्हणजे मान्ना. दव सुकल्यावर जमिनीवर राहणारे, धण्यासारखे दिसणारे हे अन्न माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, इतकेच घ्यायचे होते. ज्याने जास्त वेचले त्याला जास्त झाले नाही, ज्याने कमी वेचले त्याला कमी पडले नाही, आणि दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवलेल्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्यासाठी दुप्पट घेण्याची मोकळीक होती. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील 'रोजची भाकर' याच आठवणीशी जुळते. इब्रीत 'लेहेम' हा शब्द भाकरीसाठी आणि एकूण अन्नासाठीही वापरतात, 'बेथलेहेम' म्हणजे भाकरीचे घर, आणि मराठीतही 'भाकरीची सोय' म्हणजे पोटाची सोय. त्यामुळे अनुवादकांनी पाव किंवा पोळी न घेता भाकर घेतली, ही निवड फार नेमकी आहे.

या शब्दांच्या मराठी वाटचालीचाही थोडा विचार करायला हवा. थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' ओवीत रचून बायबलची कथा मराठीत आणली, विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर येथील छापखान्यातून 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला, आणि पुढे अनेकांनी तो सुधारला. पण भाकरीच्या संदर्भात पंडिता रमाबाईंच्या अनुवादाची जागा वेगळी आहे. रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने खचून गेले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून भुकेने हाडे उरलेल्या मुली आणि स्त्रिया आणून पुण्याजवळच्या केडगावात आसरा दिला, आणि तेथेच 'मुक्ती' ही संस्था वाढली. त्याच आवारात त्या इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवत राहिल्या. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून पुरा बाहेर पडला. दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या पंक्ती रोज जेथे बसत होत्या, तेथे 'रोजची भाकर' हे शब्द कागदावर उतरले. हा शब्द रूपक आहे की खरी भाकर, असा प्रश्न त्या पंक्तीत कोणाला पडला असेल असे वाटत नाही.

नव्या करारातील लूकच्या शुभवर्तमानात देणाऱ्याला काय मिळेल हे सांगताना धान्याच्या मापाची प्रतिमा येते: दाबलेले, हलवलेले, शीग भरलेले माप पदरात पडेल. यातील प्रत्येक क्रिया धान्य मोजणाऱ्याच्या हातची आहे. पायली भरताना धान्य सैल टाकले तर पोकळी राहते, दाबले आणि हलवले की ते बसते आणि आणखी मावते, आणि शेवटी काठावर जी निमुळती रास चढते ती शीग. 'पदर' साठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थ कमरेला बांधलेल्या वस्त्राचा पुढे ओढून केलेली खोळ असा आहे. म्हणजे मराठीतील ओचा किंवा ओटी. महाराष्ट्रात खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची जी रीत आहे, तिच्यात आणि या प्रतिमेत एक समान जाणीव आहे: अन्न मोजायचे तर मोजावे, पण संख्येने त्याला बांधून टाकू नये.

या सगळ्याचा गाभा एका ग्रीक शब्दात सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एका मुलाच्या पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या यांवर पाच हजार पुरुषांचा समुदाय जेवतो. जव हे तेथे गरिबाचे धान्य. 'राजे' ग्रंथात एका शेकेल चांदीला जेवढे गव्हाचे सपीठ मिळते त्याच्या दुप्पट जव मिळतो, असा भाव दिला आहे, आणि देवळ्यात जी जागा बाजरीच्या भाकरीची होती तीच तेथे जवाच्या भाकरीची. जेवण झाल्यावर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला सांगितले जाते आणि बारा टोपल्या भरतात. या 'उरणे' साठी ग्रीकमध्ये 'पेरिस्सेऊओ' हे क्रियापद आहे, आणि नव्या करारात 'विपुल असणे' यासाठीही हेच क्रियापद वापरले जाते; त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात येशू विपुल जीवनाबद्दल बोलतो तेथे याच धातूचा शब्द आहे. म्हणजे त्या भाषेत विपुलता आणि उरणे या दोन कल्पना एकाच मुळातून फुटतात. मराठीत 'पुरून उरणे' हा जो वाक्प्रचार आहे, तो या अर्थाच्या जितका जवळ जातो तितका 'विपुलता' हा संस्कृत शब्द जात नाही. सर्वांचे पोट भरले, मग उरले, आणि उरलेले फेकले नाही: या तीन पायऱ्या एकत्र असल्या तरच ती बायबलच्या अर्थाने समृद्धी होते.

साठवण्याला बायबलचा सरसकट विरोध आहे असा याचा अर्थ काढू नये. मिसरात याकोबाचा मुलगा योसेफ याने सुगीच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवला, म्हणून दुष्काळाची सात वर्षे निभावली आणि आसपासचे देश जगले. लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत माणूस मात्र जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करतो आणि त्याचे सारे बोलणे स्वतःशीच चालते: माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य. त्याच रात्री त्याचा मृत्यू होतो. दोन्ही कथांत कोठार आहे. एका कोठाराचे दार लोकांसाठी उघडते, दुसऱ्याचे उघडतच नाही. हवा खेळती राहावी म्हणून फटी ठेवून बांधलेल्या चाळीत कांदा भरणारा शेतकरी जाणतो की कोंडलेला माल आधी घाम धरतो आणि मग सडतो.

उरण्याची ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत एका समाजाने फार जुन्या काळापासून जपली आहे. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी मातृभाषा असलेले यहूदी, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शब्बाथाच्या आशीर्वादासाठी द्राक्षारस मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका पाण्यात भिजवून केलेले सरबत त्यांनी त्या जागी घेतले. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा नव्या घरात जाताना ते 'मलिदा' करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, आणि ताटाभोवती फळे. हे ताट एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या नावाने मांडले जाते, आणि अलिबागजवळच्या खंडाळे येथील एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. जुन्या करारातील एलीया दुष्काळात सारफथ गावच्या एका विधवेकडे जातो. मुलासाठी आणि स्वतःसाठी शेवटची भाकर करून मग मरायचे, या विचाराने ती काटक्या वेचत असते. एलीया आधी स्वतःला एक छोटी भाकर मागतो, ती देते, आणि पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातील पीठ आणि बुधल्यातील तेल सरत नाही. तिचे मडके काठोकाठ भरल्याचे कथेत कोठेही म्हटलेले नाही. ते रोज तळाशीच राहिले असावे, फक्त रिकामे झाले नाही. त्या संदेष्ट्याच्या नावाने कोकणातल्या घरांत ताट मांडले जाते आणि जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर त्यातला घास पडतो.

शेतातून उरण्याची सोय तर कायद्यानेच केलेली होती. 'लेवीय' ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा कापू नयेत, गळलेली कणसे उचलू नयेत, द्राक्षमळ्यातील घोस पुन्हा फिरून खुडू नयेत, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावेत, असे सांगितले आहे. मराठी बायबलने यासाठी 'सरवा' हा शब्द वापरला. सुगीनंतर शेतात राहिलेली कणसे वेचणे म्हणजे सरवा वेचणे, आणि हा हक्क जुन्या महाराष्ट्रातल्या गरीब बायकांनाही माहीत होता. दया म्हणून दिलेले आणि हक्काने वेचलेले यांत फरक आहे, आणि या नियमात तो जपला आहे: मालकाने द्यायचे नाही, फक्त घ्यायचे थांबायचे.

रूथची कथा याच नियमावर उभी आहे. भाकरीचे घर असे नाव असलेल्या बेथलेहेमातच दुष्काळ पडतो, तेव्हा नामी नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते, तेथे तिघेही मरतात, आणि विधवा सुनेला घेऊन ती परत येते. भरलेली गेले होते, रिकामी आले, असे ती गावातल्या बायकांना सांगते. तो जवाच्या कापणीचा हंगाम असतो. परदेशी सून रूथ सासूला विचारून सरवा वेचायला निघते आणि बवाज नावाच्या माणसाच्या शेतात पोचते. दुपारी तो तिला कापणी करणाऱ्यांच्या पंक्तीला बसवतो, भाकर आंबट शिरक्यात बुडवून खायला सांगतो आणि हुरड्यासारखे भाजलेले दाणे पुढे करतो. ती पोटभर खाते आणि त्यातले काही उरवते. मग संध्याकाळपर्यंत वेचून, झोडपून तिचा जव सुमारे एक एफा, म्हणजे 22 लिटरांच्या आसपास भरतो. तो डोक्यावर घेऊन ती घरी येते, सासूसमोर ठेवते, आणि नंतर ओच्यातून दुपारचे ते राखलेले दाणे काढून तिला देते.